घर राहणाऱ्यांचं राहावं म्हणून

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा कुलूपकिल्ल्या, डोकं ठिकाणावर आणि हात जरा थरथरता असताना, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं वाचणं दुकानांच्या पाट्यांवर शिकलो. चुका पोटात घालाव्यात. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. मरायला सवड नव्हती.

१. आधी कबुली. गल्लीत चाळीस दारं. पर्यटकांना घरं भाड्याने देणाऱ्या दलालाच्या सांगण्यावरून त्यांतल्या एकतीस दारांशेजारी आकड्यांच्या किल्लीपेट्या मीच बसवल्या. पाहुण्यांनी आकडे फिरवावेत, किल्ली घ्यावी, दोन दिवस राहून जावं. काम चोख केलं, त्याचा तोराही मिरवला. प्रत्येक पेटीमागे एक कुटुंब शहराबाहेर जातंय, हे मला एकतिसाव्या पेटीला कळलं. ते दार माझ्या शेजारणीचं होतं. जाताना म्हणाली, "भाऊजी, पेटी सरळ बसवा हो. तुमचा हात चांगला आहे." हे वाक्य मी सोबत नेणार आहे. त्याची वाटणी नाही.

२. नगरपालिकेने आता नियम केलाय: इथल्या घरांत आधी राहणारी माणसं, मग पाहुणे. अकरा पेट्या मी स्वतः उतरवल्या. उरलेल्या वीस, परवाने संपतील तशा, कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवालीने उतरवाव्यात. त्यासाठी माझ्या कानशी, पकडी, ड्रिल आणि कामाचं टेबल तिला. भिंतीतली भोकं बुजवायची आहेत. तिला घाई असते म्हणून लिहून ठेवतो.

३. उतरवलेल्या अकरा पेट्या दलालाला द्याव्यात. आकडे मी बदललेत. सांगणार नाही.

४. भावजय गेल्यावर इतकी वर्षं बंद असलेला माझ्या घराचा वरचा मजला गल्लीच्या रहिवासी संस्थेला. अट एकच: या शहरात राबणाऱ्याने तिथे परवडेल अशा भाड्यात राहावं. सध्या तिथे इस्पितळातल्या नर्सबाई, त्यांची आई आणि मुलगी आहेत. हवी तितकी वर्षं राहोत. बाई कामाला यायला दोन बस बदलायच्या. आता जिना उतरतात.

त्या आल्या त्या सोमवारी सकाळी आजींनी गल्लीवर दोरी बांधून कपडे वाळत घातले. विटका टॉवेल, अभ्रे, इवलेसे मोजे. नऊ वर्षं या गल्लीत कुणाचं ओलं कापड दिसलं नव्हतं. पाहुण्यांच्या चादरी गाडीने बाहेर धुवायला जातात. मी खाली उभा राहिलो तो राहिलोच. पर्यटकांना मनोरा दाखवणारा झेंडीवाला गाइड म्हणाला, "काका, मनोरा तिकडे आहे."

"असू दे. मी मोजे बघतोय."

त्याचे तीस पाहुणेही माना वर करून बघायला लागले. एक थेंब माझ्या कपाळावर पडला आणि अंगावर सर्रकन काटा आला. जन्मभर मनोरा पाहिला, असं कधी झालं नव्हतं.

५. तळमजला आणि दुकान. मुलाने मागितलं तर त्याचं, नाहीतर तेही संस्थेचं. गुरुवारी तो आला तेव्हा चिडला होता. "बाबा, अहो, सोन्यासारखी जागा हातची घालवताय! पाहुण्यांना दिली तर माझ्या पोरांची शिक्षणं होतील." खोटं नाही त्याचं. मी त्याच्या जुन्या खोलीत अंथरूण घातलं.

सकाळी बघतो तर छताकडे टक लावून बसलेला. "बाबा, वर कोण चालतंय?"

"माणसं."

"काकू असताना असाच आवाज यायचा ना?"

मग आम्ही बापलेक श्वास रोखून, एका मुलीची शाळेला निघायची धावपळ ऐकत बसलो. दप्तर पडलं, कुणीतरी ओरडलं, धपधप जिना. दार लागलं तरी आम्ही हललो नाही.

त्याने काय ठरवलं, ते मी विचारलं नाही. वरील पाचही कलमं त्याला वाचून दाखवली आहेत.

ठिकाण: दुकानातलं कामाचं टेबल
दिनांक: रविवार, अठरा तारीख, सकाळचे अकरा
सही: कुलूपवाला

साक्षीदार पहिली: या गल्लीची टपालवाली

साक्षीदार दुसरा: माझा मुलगा. साक्षीला सही केली तर तळमजल्यावरचा हक्क जाईल, असं वकीलबाईंनी त्याला दोनदा बजावलं. "कळलं हो," म्हणाला, आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.