पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर

अर्धापूर, ३ ऑगस्ट २०२४

श्री. रा. रा. जावईबापू अंगदराव यांस,
भगवानरावाचा स. न. वि. वि. खुशाली विचारत न्हाई, थेट लिहितो. फोन करत न्हाई, कारण फोनवर पोरगी तुमच्यासमोर बोलती आन् तुमच्या मनातलं बोलती.

हैदराबादची कंपनी, सहा वर्षांची नोकरी. पारावर कुणी विचारलं की मी सांगायचो, करिश्मा काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हिशेब बघती. आता काय सांगू? लातुरात गंजगोलाईच्या बाजारामागं दहा बाय बाराच्या गाळ्यात किराणावाल्यांच्या वह्या लिहिती? लग्नाला दोन वर्षं झाली, ती तिकडं आन् तुम्ही लातुरात, एकट्यानं राहायचा तुम्हाला कंटाळा आला असंल तर सरळ सांगायचं. भाकरीला मी बाई लावून दिली असती. पोरीची नोकरी सोडवणार न्हाई, हा शब्द सोयरिकीत तुमच्या वडलांनीच दिला होता. राजीनामा आपल्या मर्जीनं दिला म्हणती. शिकवलेलं बोलणं मला कळतंय.

लोभ होता. पुढचं तुमच्या उत्तरावर.
भगवानराव


लातूर, ८ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि. पोरांना फिजिक्सचं गणित घालून क्लासमध्येच पत्र वाचलं. भाकरीचं म्हणाल तर मी मेसमध्ये खात होतो. तिनं नोकरी का सोडली हे तिनंच सांगायचं आहे, मी सांगितलेलं तिला आवडणार नाही. तोवर चूक माझी धरा, पण तिला बोलू नका. मामींना नमस्कार.

लोभ कमी केला तरी चालंल, बंद करू नका.
अंगद


अर्धापूर, १५ ऑगस्ट

चि. करिश्मास अ. आ.
झेंडावंदनाहून आल्या आल्या लिहितो. तुझ्या नवऱ्यानं चूक कबूल केली, मी ती दुरुस्त करून आलो. मंगळवारी मुदखेडहून गाडी धरली आन् तुझ्या कंपनीत गेलो. बागेतल्या केळीच्या पाच फण्या नेल्या होत्या. तुझ्या आनंदराज साहेबांनी लई मान दिला. वर बोलावलं, सोफ्यावर बसवलं, चहा पाजला. म्हणले, दोन तारखेला कामावर पाठवून द्या. मी तुझ्या वतीनं हाव म्हणून आलो. पाय जरा सुजलेत प्रवासानं, बाकी ठीक. ३१ ला, शनिवारी, तुला न्यायला येतो. बॅग भरून ठिव.

आशीर्वाद हायेतच. अक्कल पोस्टानं धाडता येत न्हाई.
अप्पा


लातूर, २१ ऑगस्ट

ती. अप्पांस,
शि. सा. न. हा नमस्कार सवयीनं घातलाय, राग तसाच आहे.

तुम्ही जावयाला विचारलं, साहेबाला विचारलं. मला कधी विचारलं? अंगदनं ‘चूक माझी धरा’ लिहिलं, म्हणून त्याच्याशी पण चार दिवस बोलले नाही. चूक असंल तर माझी आहे. तीसुद्धा दुसऱ्यानंच उचलून न्यायची का?

का सोडली ते ऐका. बिदरकडचे मडिवाळप्पा कंपनीला लाकडी खोकी पुरवायचे. त्यांच्या बिलावर एक नंबर चुकायचा. मी तीनदा बिल परत धाडलं, तिन्ही वेळा ‘नंबर चुकलाय’ एवढी एकच ओळ लिहून. शेवटी ते स्वतःच आले. गेटवर पिवळा पट्टा मारलाय, बाहेरच्या माणसानं तो ओलांडायचा नाही. दहा ते तीन ते उन्हात उभे होते, मी वरून काचेतून बघत होते. सहा वर्षं ज्याचं नाव टाइप केलं, त्या माणसाचं तोंड पहिल्यांदा बघितलं. तीनला खाली गेले, फुटपाथवर बसून दहा मिनिटांत बिल नीट करून दिलं. दुसऱ्या दिवशी मला लेखी ताकीद, बाहेरच्याला परस्पर भेटले म्हणून. त्याच महिन्यात राजीनामा दिला. आता माझ्या गाळ्यात माणूस समोर बसतो आणि चुकलेल्या नंबरावर मी बोट ठेवून दाखवते. मला एवढंच पाहिजे होतं.

आणि अप्पा, खोटं नका लिहू. बाहेरच्याला वर नेतच नाहीत, वर सोफाही नाही. तुम्ही त्याच पट्ट्याच्या बाहेर उभे होता. पाय प्रवासानं सुजले नाहीत. केळी वॉचमननं ठेवून घेतली असतील. साहेब आलेच असतील तर पाच मिनिटं, उभ्याउभ्या. त्यांचा मेल आलाय की दोन तारखेला या, आणि घरच्यांना गेटवर पाठवत जाऊ नका. मी येणार नाही म्हणून कळवलं. तुमच्यावरून त्यांना जे सुनावलं, ते इथं लिहीत नाही.

३१ ला या, पण न्यायला येऊ नका. दुकानाला पट्टा नाही, दोन खुर्च्या आहेत.

लोभ रागाच्या खाली कुठंतरी असंल. सध्या शोधायला वेळ नाही.
करिश्मा


अर्धापूर, २७ ऑगस्ट

चि. करिश्मास आ.
माझाबी राग उतरला न्हाई. किराणावाल्याच्या वह्या त्या वह्याच. पण गेटचं मी तुझ्या मायलासुद्धा बोललो न्हाई, तुला कसं कळालं म्हणून दोन दिवस जेवण गेलं न्हाई. वॉचमनला तीनदा सांगितलं, माझी पोरगी इथं सहा वर्षं होती. तो म्हणला, “काका, पट्ट्याच्या मागं व्हा.”

शनिवारी येतो. बॅग भरू नको. खुर्ची लाकडाची ठिव, प्लास्टिकच्या खुर्चीतून मला उठता येत न्हाई. केळी आणतो. या बारीला माझ्या हातानं देईन.
अप्पा