गोल पट्टी राहून गेलेला कोपरा

मंगळवार, संध्याकाळ

विचुंब्याच्या दवाखान्याचं बांधकाम माझंच. आज गळका नळ बघायला गेलो, तर सफाईच्या कमळाताई गुडघ्यांवर बसून ड्रेसिंगच्या खोलीतला कोपरा जुन्या टूथब्रशने घासत होत्या. भिंत आणि लादी मिळते तिथे गोल पट्टी बसवायची होती, म्हणजे घाण अडकली नसती. पट्टी वेळेवर आली नाही, उद्घाटनाचा मुहूर्त गाठायचा होता. सरळ कोपरा मीच करायला लावला.

"कुनी केलाय ओ ह्यो कोपरा? फडका पोचतच नाय."

"बघतो," म्हणालो. काय बघणार होतो?

दमलोय. तरी तो झिजलेला ब्रश डोळ्यांसमोरून हलत नाही. निघताना त्यांनीच चहा आणून दिला. तोही प्यायलो.