बी न काढलेली उशी

मी, गल्लीत गादीवाली म्हणून ओळखली जाणारी, खाली सही करणारी बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. कोणाचं दडपण नाही. राग आहे, पण राग म्हणजे दडपण नव्हे, असं वकीलबाई म्हणाल्या.

कलम १. राहतं घर, मागच्या अंगणासह, मी गाद्या-उशा शिवून घेतलं आहे. माझ्या पश्चात ते थोरल्याच्या बायकोचं, म्हणजे माझ्या सुनेचं, एकटीचं. थोरल्याने त्यावर हक्क सांगू नये. कारण खाली दिलं आहे, नीट वाचावं.

कलम २. मागच्या भिंतीलगतची रुई सदर घराचा भाग समजावी. तिच्या बोंडांतल्या कापसाच्या उशीवर माझी दोन्ही मुलं निजली. सुजलेल्या गुडघ्यावर तिचं शेकलेलं पान बांधून मी मशीनवर बसते. लहानपणी थोरल्याच्या टाचेत काटा रुतला, तो तिच्याच चिकाने वर आला. एवढं करून एके दिवशी मी बाजारातून परतले, तर हे महाशय कोयता घेऊन रुई सपाट करताहेत. गाडी लावायला जागा हवी म्हणे! पानांवरच्या अळ्या बुटाखाली. त्या अळ्या विष खाऊन फुलपाखरं होतात, आणि आमचे चिरंजीव सायीचं दूध पिऊन हे असे झाले.

आणि घाम पुसायला त्याने चिकाचाच हात डोळ्याला लावला. रुईच्या घरात वाढलेला माणूस! चालायला लागला तेव्हापासून कानीकपाळी ओरडत आले होते, की हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही. मी त्याचं डोकं नळाखाली धरलं, सुनेने पापण्या उघड्या धरल्या.

"आई, डोळा जाईल का गं?"

"गप. उघडा ठेव. शिव्या नंतर देते."

डोळा वाचला. शिव्या राहून गेल्या, त्या इथे दिल्या असं समजावं. काळा चष्मा उतरायच्या आत तो गल्लीभर सांगत सुटला, की आई परसात विष पाळते. रुई मुळातून पुन्हा फुटली तेव्हा म्हणाला, "तू गेल्यावर मशीन लावून मुळासकट काढतो." माझ्या तोंडावर! सुनेने त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही. म्हणून घर तिला.

कलम ३. बँकेतली शिल्लक मुलीला. ती फोनवर माझ्या गुडघ्याची चौकशी करते, घराची नाही.

कलम ४. शिलाई मशीन आणि दाभणं शेजारच्या शिंप्याला. कात्री नाही. मागे नेली होती, ती बोथट करून आणली आणि वर म्हणाला, "आधीच तशी होती, काकू."

कलम ५. थोरल्याला माझी रोजची उशी. बी राहिलेली उशी गिऱ्हाइकाला देणं म्हणजे आमच्या धंद्यात नाक कापून घेणं. मी तसं कधी केलं नाही. ही एक मात्र मुद्दाम बियांसकट भरली आहे, आणि जिवंत आहे तोवर दर हंगामाला ताज्या बोंडांनी भरीन. माझ्यामागे वारा असेल त्या दिवशी त्याने ती अंगणात स्वतःच्या हाताने उसवावी. नाही उसवली तर सून उसवेल, तसं तिने कबूल केलं आहे. मग बियांच्या म्हाताऱ्या उडतील आणि गल्लीतल्या हव्या त्या भिंतीपाशी जाऊन पडतील. लाव म्हणावं मशीन, कुठे कुठे लावतोस ते बघते.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, आणि एक शब्दही मागे घेणार नाही.

सही: गादीवाली

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई. २. समोरचे निवृत्त पोस्टमन (वाचताना हसले, तरी सही केली.)

ठिकाण: राहतं घर, मागचं दार. तारीख वकीलबाई घालतील. बोंडं तडकायला लागली आहेत आणि आज मंगळवार आहे.

सही झाल्यावर सुचलं म्हणून: थोरल्या, नवी रुई उगवली आणि तुझा गुडघा दुखला, तर पान खुशाल तोड. पण आधी हात धू, मग डोळे पूस.