जाळी कोणी काढली

चिखली
ता. २४ नोव्हेंबर १९६४

जानरावभाऊंना शालिग्रामचा सप्रेम नमस्कार.

इकडे ठीक. जिनिंगमध्ये कापूस भरपूर येतो आहे. जानेफळला तानाबाईंची मुले तुम्हा मामाजवळ आहेत, बरी असतील. सकाळी गारठा पडतो, त्यांना जपा.

रविवारी बुलढाण्याच्या दवाखान्यात गेलो होतो. तानाबाई जाग्या होत्या. उजवा हात कोपरापासून गेला, हे मला माहीत होते. तरी दारातूनच परतलो. त्यांनी मला पाहिले नाही.

काल मॅनेजर वामनरावांनी एक लिहिलेला जबाब पुढे केला. त्यात असे होते: सरकी लवकर काढता यावी म्हणून तानाबाईंनी पट्ट्यावरची जाळी स्वतः काढली, त्यात पदर अडकला. म्हणजे दोष त्यांचा, भरपाई नाही.

"तू फिटर आहेस. तुही सही पाह्यजे. तुले काय जाते बे?"

तपासणीला इन्स्पेक्टर साहेब येतील त्यांच्यासमोर करतो, म्हणालो. ते हसले. "कर. हात शाबूत आहे न तुहा?"

भाऊ, जाळी त्यांनी काढली नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा होती. चाकाला कुंकू लावायला हात पोचेना. चार बोल्ट खोलून जाळी मी काढली. तानाबाई नारळ घेऊन उभ्या होत्या. "कुंकू लागलं भाऊ, आता चाकाले नाव घ्याले लावा." आम्ही सगळे हसलो. जाळी भिंतीला टेकवून ठेवली.

हंगाम सुरू झाल्यावर मी वामनरावांना म्हणालो, अर्धा तास पट्टा थांबवा, जाळी बसवतो. "थांबाले टाइम आहे काय?" मी पुन्हा विचारले नाही. अपघात झाला त्या संध्याकाळी त्यांनीच ती बसवायला लावली. मी बसवली.

कचेरीच्या भिंतीवर कायद्याचा उतारा टांगला आहे. मराठीत आहे. सहा वर्षांत काल पहिल्यांदा वाचला. फिरत्या पट्ट्याला आडोसा हवाच, आणि तो ठेवणे मालकावर आहे.

येत्या सोमवारी ते फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहेत. वामनराव शेजारी उभे असतील. तेव्हा मी खरे बोलेन, याचा मला भरवसा नाही. मला तीन मुली आहेत. कागद पुढे आला तर कदाचित सही करीन.

म्हणून ही सही आधी करतो. हे पत्र साहेबांच्या हातात द्या. हे मी लिहिले नाही म्हणालो, तर अक्षर जुळवून पाहा म्हणावे.

शालिग्राम उकंडराव देशमाने
फिटर