लाल कोट

अण्णा,

परवा वहिनीचा फोन आला. म्हणाली, "वन्स, आमच्या वीरेशच्या लग्नाला या, पण नवरदेवाचा परण्या वाजतगाजत निघंल तवा जरा मागं थांबा. विधवा बाई पुढं दिसली की लोक नावं ठेवतात." फोनमधी तुझा खोकला ऐकू आला.

ह्यांना जाऊन वर्ष झालं. तवापासून मी इथं उदगीरला गौस मास्तरकडं सॅक्सोफोन शिकून राहिले. लिंगायताची बाई बँडवाल्याच्या घरी जाते म्हणून गल्ली कुजबुजते. कुजबुजू दे. पट्टा गळ्यात घातला की सॅक्सोफोन गळ्यातल्या इष्टलिंगाच्या जरा खाली टेकतो; त्याची तक्रार न्हाई. सुरुवातीला नुसती हवाच निघायची. मास्तर म्हणाले, "बाई, गाल नका फुगवू, पोटातून फुंका. पोटात लई साठलंय तुमच्या."

वीरेशच्या परण्याला तू ठरवलेला बँड मास्तरचाच हाय. त्यांनी विचारलं, येता का? मी हाव म्हणाले. सगळ्यांसारखा लाल कोट शिवायला टाकलाय.

हे पत्र मी पेटीत टाकणार न्हाई. टाकलं तर तू बँड बदलशील.

आणि बँड नवरदेवाच्या घोड्याच्या पुढं चालतो, अण्णा.

तुझीच धाकटी,
सुकन्या