चार लाल ठिपके

पापा,

आपली लाडा गाडी सुरू झाली! तिसऱ्या स्पार्क प्लगच्या भोकाचे आटे पार गेले होते. सेवेरोकाकांनी लेथवर नव्या आट्यांचा पितळी बुश करून दिला, तो मी भोकात बसवला. प्लग आधी तुझ्या रबरी नळीच्या तुकड्यानंच फिरवला. लहानपणी मला स्टुलावर उभं करून तू दटावायचास, "पाना नंतर! तिरका गेला तर नळी घसरेल, आटे वाचतील."

पाना मी कामावर नेतेय. चिडू नकोस. तू रोज सकाळी तोच प्लग पुन्हा घट्ट करत होतास. विचारलं की म्हणायचास, "आज पहिल्यांदाच हात लावतोय."

म्हणून चारही प्लगच्या टोप्यांवर लाल ठिपके दिलेत. ठिपका दिसला की समज, घट्ट केलाय. रंग आईच्या नेलपॉलिशचा आहे. ग्वानाबोच्या समुद्रावर जाताना ती चालत्या गाडीत नखं रंगवायची आणि तू ओरडायचास, "ओफेलिया, काच खाली कर!"

रेशनचा पाव झाकून ठेवलाय, कॉफी गरम करून घे.

टोप्या मी आईच्या सीटवर बसून रंगवल्या. गाडीत नुसतं बसावंसं वाटलं तर बस. काच मात्र खाली करू नकोस, वास अजून आहे.

यामिले