भिजलेला पेंढा

प्रिय ताई,

जय भीम. मी फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. पण फोनवर तू माझं बोलणं कमी ऐकतेस आणि खोकला जास्त, म्हणून लिहायला बसलो. बसलो म्हणजे काय, दोन ओळी झाल्या की उठतो, सलाईनचा स्टँड ढकलत खिडकीपर्यंत जातो, परत येतो. सिस्टर दोनदा रागावल्या.

घसा बसलाय हे मी तुला खोटं सांगितलं. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला तेव्हा वडिवळ्यात आपलं भात झोडून झालं होतं, पेंढा मात्र खळ्यावरच भिजला. आठवड्याने पेंढ्याची रचलेली उडवी उलगडली तर आत काळी-हिरवी बुरशी. आई एकटीच त्यातून चांगला पेंढा निवडत होती. माती, कुजका पाला, बुरशी यांच्यापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी ऑपरेशननंतर घरी सोडतानाच बजावलं होतं. तुझी किडनी घेऊन दोन वर्षं मी मास्क लावून ओट्यावर बसलो, पाहुण्यासारखा. त्या दिवशी शेजारच्या भिकाजीआबांनी जाता जाता विचारलं, "आता बरा हायस ना रं?" त्यांच्या मनात काही नव्हतं. मी मास्क काढून खळ्यावर गेलो. आई म्हणाली, "तू कशाला आलास हितं? जा घरी." मी ऐकलं नाही. दिवस मावळेपर्यंत पेंढा झटकला. खरं सांगू, त्या दिवशी मला लय बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी खोकला लागला, मग बारीक ताप. डॉक्टर विचारतील म्हणून तपासणीची तारीख चुकवली. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा आईनेच गाडी बोलावून मला पुण्याला आणलं. फुफ्फुसात नळी घालून नमुना घेतला. बुरशी आत रुजलीय. धडधाकट माणसाला तिनं सहसा काही केलं नसतं. पण तुझी किडनी शरीराने परकी मानू नये म्हणून मी ज्या गोळ्या घेतो, त्यांनी माझी प्रतिकारशक्तीच दाबून ठेवलीय. कुठे गेला होतास, असं डॉक्टरांनी विचारलं, तर आधी कुठेच नाही म्हणालो. परवा खरं सांगितलं. आईला काही बोलू नकोस. ती दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून असते.

बुरशीवरचं औषध चालू आहे, पण तेवढ्याने भागत नाही. उद्यापासून किडनीसाठीच्या त्या गोळ्या कमी करणार आहेत. मग माझं शरीर बुरशीशी लढेल, आणि कदाचित तुझ्या किडनीशीही. मी वाचेन आणि किडनी जाईल, असंही होऊ शकतं. कागदावर सही केलीय मी. आधी तुला विचारायला हवं होतं. पण तू लगेच हो म्हणाली असतीस, आणि ते माझ्याच्यानं ऐकवलं नसतं. रविवारी तू लोणावळ्याहून येशील, तेव्हा तोंडावर हे सांगता येणार नाही, म्हणून पत्र आधी पाठवतोय. वाचून झाल्यावरही यावंसं वाटलं, तर ये.

तुझाच,
प्रज्ञेश